रडण्याचा तास

आबांनी पुढे केलेला फोक सरांनी दोन्ही हातांनी घेतला, हे आबांना फार आवडलं. निरगुडीचा फोक होता, साल काढलेला, चांगलं तेल पाजलेला. जून लागला की आबा ओढ्याकाठी जाऊन सरळसोट फोक शोधायचे आणि शाळा उघडली की गावाच्या वतीनं तो मास्तरांच्या हाती द्यायचे. आमच्या शेलारवाडीत शाळेचा शुभारंभ म्हणजे एवढाच. नारळ फुटायचा, फोक दिला जायचा आणि आम्ही पोरं खाली मांडी घालून त्याची जाडी बघत बसायचो.

"मास्तर, घरात पोरं आमची, शाळंत तुमची," आबा म्हणाले. "हात आखडता घेऊ नका."

शेवाळे सर नुकतेच रुजू झाले होते. पंचविशीचं वय, जाड चष्मा, शर्टाच्या खिशाला निळं पेन. त्यांनी फोक जरा वाकवून बघितला आणि म्हणाले, "बरं झालं आबा. नकाशा दाखवायला काठी नव्हतीच शाळेत."

पारावरची माणसं हसली. नवा मास्तर विनोदी दिसतोय, असं सगळ्यांना वाटलं. तो विनोद नव्हता हे गावाच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

आमची शाळा चौथीपर्यंतची, एका शिक्षकाची, आणि पाराला अगदी लागून. शाळेच्या खिडकीतून पारावरचं बोलणं ऐकू यायचं आणि पारावर बसून शाळा ऐकता यायची. गावातल्या म्हाताऱ्यांची करमणूक तीच. माझे आजोबा, म्हणजे आबा, फौजेतून हवालदार होऊन परतलेले आणि शाळेच्या समितीचे अध्यक्ष. पारावरची मधली जागा त्यांची. सरांच्या आधी आमच्याकडे जगदाळे गुरुजी होते, ते निवृत्त झाले तेव्हा गावानं त्यांना बैलगाडीतून मिरवलं होतं. गावातल्या प्रत्येक बाप्याच्या अंगावर गुरुजींनी दिलेली एखादी खूण होती आणि तो ती कौतुकानं दाखवायचा. हा कानामागचा पाढे चुकलो तेव्हाचा, हा नडगीवरचा शाळा बुडवून पोहायला गेलो तेव्हाचा. गुरुजींनी मारलं म्हणून आम्ही माणसात आलो, असं सगळे एकमुखानं सांगायचे. त्यातले निम्मे अंगठ्याऐवजी सही करायचे, एवढा फरक खरोखरच पडला होता.

गुरुजींच्या हाताखाली मीही तीन वर्षं काढली. मला वाचता यायचं, पण मोठ्यानं वाच म्हटलं की माझा घसा बंद व्हायचा. गुरुजी फोक उचलायचे, मग उरलासुरला आवाजही जायचा. शेवाळे सरांनी पहिल्याच आठवड्यात ते ओळखलं. ते म्हणाले, "मोनाली, माझ्याकडे बघू नकोस. वर्गाकडेही बघू नकोस. ती खिडकीबाहेर शेळी बांधलीय ना, तिला वाचून दाखव." मी शेळीला धडा वाचून दाखवला. शेळीनं मध्येच तोंड फिरवलं, पण मी थांबले नाही. श्रावण संपता संपता मी सगळ्या वर्गासमोर वाचायला लागले. त्या वर्षी मला एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे शेवाळे सर.

गावाला मात्र ते नको झाले होते. शाळेतून हसण्याचे आवाज यायचे. सर पोरांबरोबर लंगडी खेळायचे. त्याहून वाईट म्हणजे पोरं घरी जाऊन "का?" असं विचारायला लागली. एकदा आबांनी मला पानाची चंची आणायला सांगितली आणि मी धड्यातून मान वर न करता म्हणाले, "थांबा आबा, एवढं पान संपवते." आबांनी चंची स्वतः उठून घेतली. हवालदार माणूस, स्वतःच्या घरात, नात बसलेली असताना उठला, ही बातमी संध्याकाळपर्यंत गावभर झाली.

पंधरा ऑगस्टला झेंडा फडकला, खाऊ वाटून झाला आणि आबा बोलायला उभे राहिले. सुरुवात त्यांनी देशापासून केली आणि शेवट आमच्या शाळेवर. धाक नसेल तर पलटण राहत नाही, मग शाळा कशी राहील, असं त्यांचं म्हणणं होतं. सरांनी शांतपणे सांगितलं की मुलांना मारणं आता कायद्यानं बंद झालंय.

"कायदा तालुक्याला असतोय, मास्तर," आबा म्हणाले. "हितं पोरं हायती. दिवाळीपतुर वाट बघतो. न्हाई जमलं तर आम्ही दुसरा मास्तर मागून घिऊ. राग मानू नका."

सरांनी राग मानला नाही. ते वर्गात आले आणि फळ्यावरची तारीख पुसून पुन्हा तीच तारीख लिहिली. आम्ही झेंड्यासमोर बसून सगळं ऐकलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी उरलेली गाणी न घेताच त्यांनी आम्हाला सोडलं.

पुढची करामत गांधीलमाशीची. गणपती उठून गेले होते. सर भिंतीवरच्या नकाशात फोकानं नद्या दाखवत होते आणि त्या नकाशामागे माशांनी घर केलं होतं. कृष्णेचा उगम दाखवताना फोक नेमका त्या घरावर टेकला. एक माशी उठली ती थेट पुढच्या रांगेतल्या संक्याच्या कानावर. संक्या असा काही किंचाळला की शेळीनं दावं तोडलं. तो वर्गभर पळत सुटला, आणि त्याच्या डोक्यावर घोंघावणारी माशी हाकलायला सर फोक उगारून त्याच्या मागे पळत सुटले. पारावरून जे दिसलं ते एवढंच: जिवाच्या आकांतानं ओरडणारा संक्या आणि त्याच्यामागे फोक उगारलेले मास्तर.

पारावर सगळे उठून उभे राहिले. मग आबांचा आवाज आला, "लागला गडी मार्गाला."

त्या संध्याकाळी सरांच्या खोलीवर चहा गेला, पोहे गेले, आमच्या घरून दुधाचा तांब्या गेला. संक्याचा बाप स्वतः डोक्यावर भोपळा घेऊन सरांना द्यायला गेला. संक्याला त्यानं रात्रीपर्यंत बरोबर फिरवलं आणि त्याचा सुजलेला कान घरोघर दाखवला. सर प्रत्येकाला सांगत होते की माशी चावली हो, माशी. माणसं समजुतीनं माना हलवत होती. मास्तर झाला तरी सरकारी नोकर, त्याला असं बोलावंच लागतं, असं आबांनी सगळ्यांना समजावलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी सगळ्यांना चिंचेखाली जमवलं. गावाला सर नको झालेत असं नाही, गावाला फक्त आवाज हवाय, हे मला रात्रीच्या भोपळ्यावरून कळलं होतं. पोरांना लगेच पटलं. पहिलीतल्या बारक्यांना जरा समजावून सांगावं लागलं, कारण त्यांना खरंच कुणी मारणार की काय, अशी भीती वाटली.

सुट्टी संपली. सर गुणाकार मांडत होते. मी हाताची घडी घातली, खोल श्वास घेतला आणि ठेवणीतलं भोकाड पसरलं. सरांच्या हातातला खडू पडला. ते धावत माझ्याजवळ आले, विंचू चावला की काय म्हणून माझ्या पायाखाली बघायला लागले.

"काही नाही सर," मी रडणं थांबवून म्हणाले. "तुम्ही शिकवा." आणि पुन्हा सुरू केलं. माझ्यामागून संक्या सुरू झाला, मग मागची रांग.

सरांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. ते माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "मोनाली, हे खोटं आहे."

"हो सर. पण दिवाळी झाली की तुम्ही जाणार, ते खरं आहे."

सर खुर्चीत जाऊन बसले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. पारावरून कुणीतरी विचारत होतं, की का रं थांबलं? सर उठले. पारावरून न दिसणाऱ्या कोपऱ्यात आमच्या खिचडीच्या तांदळाचं पोतं होतं. त्यांनी भिंतीला टेकवलेला फोक घेतला आणि त्या पोत्यावर एक सणसणीत ओढला. आवाज इतका झकास आला की ते स्वतःच दचकले.

तेव्हापासून रोज दुपारी सुट्टीनंतर आमचा रडण्याचा तास व्हायचा. सुरू करण्याआधी सर न चुकता म्हणायचे, "हे सगळं चुकीचं आहे बरं का, मुलांनो." मग ते पोत्याकडे जायचे. आमच्या वाट्याचा मार त्या वर्षी तांदळानं खाल्ला. सरांना मूळचीच नाटकाची आवड, त्यामुळे चुकीचं असलं तरी ते वाईट झालेलं त्यांना बघवेना. सगळ्यांनी एकदम ओरडायचं नाही, एकजण मार खातोय आणि बाकीचे घाबरलेत असं वाटलं पाहिजे, हे त्यांनी शिकवलं. घशातून ओरडू नका, आवाज बसेल, पोटातून काढा, असंही सांगितलं. रडणं झालं की त्याच श्वासात आम्ही कविता म्हणायचो, त्यामुळे कवितांना असा जोर चढला की पारावरची माणसं मान डोलवायची. कुणी कधी नुसतं हुंदकायचं, कुणी "नाही करणार सर, पाया पडतो" असं म्हणायचं, ते ज्याच्या त्याच्या तयारीनुसार. पण सर्वांत चांगलं मीच रडायचे. शेळीसमोर सुटलेला माझा घसा आता पार ओढ्यापलीकडे ऐकू जायचा, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा.

गावाचा कायापालट झाला. सर रस्त्यानं चालले की माणसं उठून उभी राहायची. आम्हीही घरात शहाण्यासारखं वागायला लागलो, कारण रडण्याला शोभेल इतपत सुधारणं भाग होतं. मी आबांना मागण्याआधीच चंची नेऊन द्यायचे. एक अडचण होती. आयांना आंघोळ घालताना पोरांच्या अंगावर एकही वळ दिसेना. माझ्या आईनं आबांकडे तशी शंका काढली.

आबा हसले. "फौजेत बी असाच एक उस्ताद व्हता," ते म्हणाले. "वळ न उठवता मारायचं म्हंजे साधं काम न्हाई, सूनबाई. त्येला शिक्षण लागतंय."

दिवाळी आली आणि गेली. दुसरा मास्तर मागायचं कुणी नाव काढलं नाही. सहामाहीला सगळी पोरं चांगल्या गुणांनी पास झाली, त्याचं श्रेय फोकाला मिळालं. आबा बाजारच्या दिवशी दुसऱ्या गावच्या माणसांना सांगायचे की तुमच्या शाळेतून काही आवाज येत नाही, आमच्याकडे या एकदा दुपारचं. आणि माणसं यायची. पारावर बसून चहा पीत ऐकायची आणि हळहळत परत जायची. नशीब लागतं असा मास्तर मिळायला, असं म्हणायची.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर सर आमच्या गावातच म्हातारे झाले असते. पण आबांच्या मनात आलं, की अशा माणसाला आदर्श शिक्षक पुरस्कार मिळाला पाहिजे. त्यांनी फौजेचा कोट घातला, छातीवर बिल्ले लावले आणि एसटीनं तालुक्याला गेले. तिथं नव्या गटशिक्षणाधिकारी आल्या होत्या, कर्पे मॅडम. तालुक्यातल्या सगळ्या शाळा त्यांच्या हाताखाली. आबांनी त्यांना काय सांगितलं ते घरी येऊन आम्हाला जसंच्या तसं ऐकवलं.

"म्हनलं, मॅडम, मास्तर असा मारतोय की वरच्या वाडीपतुर आवाज जातोय. पोरं पाया पडत्यात, पर ह्यो सोडत न्हाई. आन् एक वळ उठत न्हाई अंगावर. सारा गाव साक्षीला हाय." आबा पाणी प्यायले. "मॅडमनी कागूद काढून समदं लिवून घेतलं. च्या पाजला. सवता येते म्हनल्या बघायला."

माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली. मी म्हणाले, "आबा, सर मारत नाहीत. आम्ही खोटं रडतो."

आबांनी माझ्याकडे कौतुकानं बघितलं आणि आईला म्हणाले, की बघ, बाहेर काय बोलायचं हेसुद्धा मास्तरानं शिकवून ठेवलंय.

मॅडम आल्या त्या दिवशी शाळेला चुना मारलेला होता आणि पारावर हार-तुरे तयार होते. मॅडम सरांपेक्षा फार मोठ्या नसतील. साडीखाली बूट घातलेले, केस कापलेले, चेहऱ्यावर झोप न झाल्यासारखी काळजी. आबांनी त्यांना सॅल्यूट ठोकला. त्यांनी आबांना नमस्कार केला आणि दारातच, सगळ्यांच्या देखत, सरांना विचारलं, की तुम्ही मुलांना मारता का?

सरांनी आधी आबांकडे बघितलं, मग आमच्याकडे. खरं बोललं तर गाव जाणार आणि खोटं बोललं तर नोकरी. ते खरं बोलले.

"नाही मॅडम. एकदाही नाही."

पारावर दबलेलं हसू पसरलं. "तयार हाय गडी," आबा संक्याच्या बापाला म्हणाले. मॅडमनी ते हसू ऐकलं. त्यांनी सरांना बाहेर चिंचेखाली थांबायला सांगितलं, वर्गात आल्या, दार लोटून घेतलं आणि आमच्यासमोर जमिनीवरच बसल्या.

त्या फार मायेनं बोलल्या. घाबरू नका म्हणाल्या, सर आता इथं नाहीत म्हणाल्या. त्यांनी एकेकाला विचारलं आणि एकेकानं सांगितलं, "सर मारत नाहीत." आम्ही सगळ्यांनी अगदी तेच शब्द वापरले, कारण खरं एकच होतं. पण जसजशी उत्तरं येत गेली तसतसा मॅडमचा चेहरा पडत गेला. पहिलीतल्या पोरीनंसुद्धा तेच वाक्य म्हटलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.

"मग तो रडण्याचा आवाज कसला येतो, बाळा?" त्यांनी मला विचारलं.

"आम्ही खोटं रडतो, मॅडम."

"खोटं का रडता?"

"सर जाऊ नयेत म्हणून."

मॅडमनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. इतकी दहशत बसवलीय, असं त्या स्वतःशीच पुटपुटल्या. त्यांना पटत नाहीये हे मला दिसत होतं. आता एकच उपाय होता, आणि तो माझ्याच गळ्यात होता. मी म्हणाले, "मॅडम, रडून दाखवू?"

त्या काही बोलायच्या आत मी उभी राहिले. सर जातील ही भीती पोटात होतीच, तिलाच मी हाक दिली. त्या दिवशी मी जशी रडले तशी त्याआधी कधी रडले नव्हते. आधी बारीक, मग चढत चढत, मध्ये श्वास अडकलेला, मग "नको सर, नको" अशी किंकाळी. संक्या मागून हुंदके द्यायला लागला. रडून झाल्यावर मी मॅडमकडे बघितलं, आता पटलं ना, अशा आनंदानं.

मॅडमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्या म्हणाल्या, "असं रडणं कुणी शिकवून येत नाही, पोरी."

बाहेर पारावर आबा मॅडमच्या जीपच्या ड्रायव्हरला सांगत होते, "बघा, साहेब आलं, मास्तर भायेर हाय, तरी पोरं तास चुकवत न्हाईत. धाक असा असतोय."

मॅडम डोळे पुसत बाहेर आल्या, हार न घेताच जीपमध्ये बसल्या आणि गेल्या. त्यांचे डोळे भरून आले होते हे सगळ्यांनी बघितलं. आबांनी जाहीर केलं, की पुरस्कार पक्का.

पुरस्कार आला नाही, बदलीचा हुकूम आला. सरांना धरणापलीकडच्या, होडीनं जावं लागणाऱ्या एका वस्तीवर पाठवलं आणि पुढं त्यांची चौकशी चालली, असं नंतर कळलं. गावाला मात्र सांगितलं गेलं ते एवढंच की बदली झाली. चांगल्या माणसाला मोठ्या जागी नेतातच, असा अर्थ आबांनी काढला आणि सरांनी तो खोडला नाही. निरोपाला शाल-नारळ झाला. आबा भाषणात म्हणाले, की असा मारणारा पुन्हा मिळायचा नाही. आजही गावात गेले की पारावरची माणसं मला सांगतात, की शेवाळे मास्तरानं फोडून काढलं म्हणून तू बँकेत लागलीस. मी वाद घालत नाही. सर निघाले तेव्हा मी त्यांच्याजवळ गेले. सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुझी चूक नाही, मोनाली. तू फार छान रडलीस." मग ते एसटीत चढले.

नवे शिक्षक बर्गे सर. मॅडमनी त्यांना निवडून पाठवलं होतं. शाळेत हसतखेळत कसं शिकवावं, मुलांना हात का लावू नये, याची शिबिरं ते तालुकाभर घ्यायचे. आल्या आल्या त्यांनी भिंतीवर हसऱ्या मुलांची चित्रं लावली. आबांनी हंगाम नसताना ओढ्यावर जाऊन नवा फोक आणला होता. बर्गे सरांनी हात जोडले आणि तो परत केला. "आबासाहेब, आम्ही मुलांना फुलासारखं जपतो," ते म्हणाले. आबा फोक घेऊन घरी आले आणि जेवले नाहीत.

बर्गे सर आवाज चढवत नसत. त्यांच्याकडे लाकडी पट्टी होती. उत्तर चुकलं किंवा कुणी "का?" विचारलं, की ते हात टेबलावर पालथा ठेवायला सांगायचे आणि पट्टी उभी धरून बोटांच्या सांध्यांवर मारायचे. चेहऱ्यावरचं हसू तसंच असायचं. पहिली मी खाल्ली, कारण "का?" मीच विचारलं. मी तोंड उघडलं. गावभर ऐकू जाणारा माझा घसा, पण त्यातून काहीच बाहेर आलं नाही. श्वास आत गेला तो गेलाच. माझ्यामागून संक्यानं खाल्ली, तोही गप्प. रडण्यात पंचक्रोशीत नाव काढलेला आमचा वर्ग चिडीचूप बसून राहिला. पारावर माणसं कान देऊन बसायची आणि कंटाळून उठून जायची.

त्या आठवड्याच्या शेवटी आम्ही रात्रीचं जेवायला बसलो होतो. आबांचा पारा चढलेला होता.

"उद्या जातो शाळंत," ते म्हणाले. "सांगतो त्या मास्तराला, जरा हात चालव म्हनून. आल्यापसनं एका पोराचा आवाज न्हाई. धाकच न्हाई त्येचा. शेवाळ्या असता तर..." ते थांबले. "मोने, डाव्या हातानं काय जेवतीस? उजवा कुटं गेला?"

मी उजवा हात मांडीखाली धरला होता. आबांनी तो ओढून दिव्याखाली घेतला. बोटांचे सांधे सुजून काळेनिळे पडले होते, एक बोट मिटत नव्हतं. आबांनी अंगठ्यानं एकेका सांध्यावरून अलगद चाचपलं. आई चुलीपासून उठून उभी राहिली.

"कुनी?"

"नव्या सरांनी."

"कवा?"

"रोजच."

आबांचा विश्वास बसत नव्हता, पण हात तर त्यांच्याच हातात होता. ते जवळजवळ रागावूनच म्हणाले, "मग वरडली का न्हाईस? शेवाळ्यानं मारलं की गाव डोक्यावर घ्यायचीस की."

"तेव्हा लागत नव्हतं, आबा."

माझा हात आबांनी सोडला नाही. दुसऱ्या हातानं त्यांनी माझं ताट स्वतःकडे ओढलं, त्यात दूध ओतलं आणि माझी भाकरी कुस्करायला लागले. ती केव्हाच कुस्करून झाली होती, तरी ते कितीतरी वेळ कुस्करत राहिले.